‘डिस्कव्हर’ या शब्दाविषयी

आमच्या नातीच्या इंग्रजी वहीत तिच्या बाईंनी एका वाक्याखाली तांबडी रेघ मारली, तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. एडिसनने विजेचा दिवा ‘डिस्कव्हर’ केला, अशा अर्थाचे ते वाक्य होते. बाईंनी क्रियापद खोडून त्यावर ‘इन्व्हेंट’ असे लिहिले होते. नात वही घेऊन आमच्यापाशी आली आणि म्हणाली, “आजोबा, डिस्कव्हर म्हणजे शोध लावणे ना? आणि इन्व्हेंट म्हणजेही शोध लावणेच ना? मग माझे चुकले कुठे?”

प्रश्न रास्त होता. मराठीत गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो, अमेरिकेचा लागतो, वाफेच्या यंत्राचा लागतो आणि घरफोडी करून पळालेल्या चोराचाही लागतो. आमच्या एका शब्दाने इतकी ओझी वाहावी आणि इंग्रजीने त्यांच्यासाठी निरनिराळे हमाल ठेवावेत, यात बाईंचा दोष नाही आणि नातीचाही नाही. आम्ही तिला शाळेपुरते उत्तर दिले: जे आधीपासून होते ते डिस्कव्हर करावयाचे, जे आधी नव्हते ते इन्व्हेंट करावयाचे. मुलीचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण या क्रियापदाचा आमच्या घराण्याशी एक जुना संबंध आहे, आणि तो मरोळच्या एका जागेपायी जडलेला आहे. तो सांगण्यापूर्वी शब्दाच्या कुळाची थोडी चौकशी करणे अवश्य आहे.

लॅटिन भाषेत ‘ऑपेरीरे’ म्हणजे झाकणे. त्यास ‘को’ हा उपसर्ग लागला म्हणजे पुरते झाकून टाकणे असा अर्थ होतो, आणि त्याच्याही आधी ‘दिस्’ लावला की केलेले झाकण काढून घेणे. हा ‘दिस्कोऑपेरीरे’ जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरला. संस्कृतात याचा जोडीदार हवा असेल तर तो ‘अनावरण’ हा होय. अवयवास अवयव जुळतो. तेव्हा एखादे मंत्री पुतळ्यावरील कापड दोरीने ओढतात, त्या वेळी अक्षरार्थाने पाहू गेल्यास ते तो पुतळा ‘डिस्कव्हर’ करीत असतात. इंग्रजीत अशा शब्दांचा मोठा गोतावळा आहे. गुप्त पोलीस ज्या क्रियापदावर पोट भरतात त्या ‘डिटेक्ट’च्या मुळाशीही झाकण काढण्याचीच क्रिया आहे, आणि तिच्या भावकीत छपराचा वाचक शब्द असल्यामुळे, लोकांच्या घरांवरची कौले उतरून आत डोकावणारा मनुष्य आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘इन्व्हेंट’ची गंमत तर विशेष आहे. त्याचा मूळ अर्थ ‘वर येऊन ठेपणे’, म्हणजे सापडणे. ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याचा सण रोमन संप्रदायात ३ मे रोजी पाळीत असत. इंग्रजीत त्याचे नाव ‘इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस’ असे होते. १९६० मध्ये तो सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. तेव्हा क्रूस कोणी नव्याने तयार केला असे समजू नये. नातीच्या बाईंनी ज्या रेषेवर एवढा भर दिला, ती रेषा त्यांच्याच भाषेने फार उशिरा आखली आहे.

परंतु याहून मौजेची, आणि आमच्या कथेस लागू पडणारी गोष्ट निराळीच आहे. ‘डिस्कव्हर’ इंग्रजीत आला तेव्हा ‘नवीन काही सापडणे’ हा त्याचा अर्थच नव्हता. त्याचा अर्थ होता उघड करणे, सांगून टाकणे. तेही बहुधा दुसऱ्याचे गुपित, आणि बहुधा दुसऱ्याचा घात होईल अशा रीतीने. ‘डिस्कव्हरर’ म्हणजे प्रथम खबऱ्या होता. दर्यावर्दी आणि शास्त्रज्ञ मागाहून आले. जे कोणासच ठाऊक नव्हते ते प्रथम कळणे, हा आजचा अर्थ इ. स. १५५० नंतर रूढ झाला. मध्यंतरी नाटकवाल्यांनीही शब्द आपल्या कामास लावला होता. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकाच्या अखेरच्या अंकात प्रॉस्पेरो बुद्धिबळे खेळत बसलेल्या जोडप्यास ‘डिस्कव्हर’ करतो, अशी रंगसूचना आहे. आमच्या महाविद्यालयीन काळी हे वाचून आम्ही कित्येक दिवस चकित होतो, की ज्याने त्या दोघांची गाठ घालून दिली त्यालाच ती तेथे अकस्मात् कशी सापडावी! त्याने फक्त पडदा बाजूला सारला होता. जाणणारा तोच, आणि दाखविणाराही तोच.

अर्थ हा असा उलटला कसा, याचे उत्तर त्या शतकातच आहे. गलबते दूर जाऊ लागली आणि परत आलेला मनुष्य आपल्या लोकांपुढे एका अज्ञात किनाऱ्यावरचा पडदा उचलू लागला. त्याच्या लोकांना ते नवे होते. पडद्यापलीकडच्यांस विचारण्याची चाल नव्हती. पोर्तुगीजांपाशी या क्रियापदाचे सख्खे भावंड होते, आणि आपल्या सफरींस त्यांनी तेच नाव दिले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. मरोळ हे त्या साष्टीतलेच गाव. अंधेरीहून पूर्वेस गेलो असता कोंडिविट्याच्या बाजूस जेसुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या देवळाचे भग्नावशेष आहेत. १८४० मध्ये साथीमुळे ती वस्ती उठली व ख्रिस्ती मंडळी मरोळास आली. ते अवशेष आज निर्यात-उद्योगांच्या कुंपणात सापडले आहेत. जवळच कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत. सर्व जग त्यांना महाकालीची लेणी म्हणते. तेथील चैत्याचा स्तूप एका गोल दगडी भिंतीआड कोरलेला असून भिंतीस जाळीच्या खिडक्या आहेत. खिडकीलगत एका दानाचा ब्राह्मी लेख आहे. गुरे राखणाऱ्या पोरांनी तो पिढ्यान् पिढ्या पाहिला असेल, त्यावर हात फिरविला असेल. परंतु १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडीपर्यंत तो वाचू शकेल असा मनुष्य मुंबई बेटात नव्हता, आणि काशीतही नव्हता. लेख उघड्यावर होता. झाकण होते ते पाहणाराच्या डोळ्यांवर.

अजिंठ्याची गोष्ट याच जातीची आहे. मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी १८१९ च्या एप्रिलात शिकारीच्या निमित्ताने तेथे गेला, त्यास लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरडून ठेवली. त्यास ‘डिस्कव्हरर’ म्हणतात. तेथून जवळच असलेल्या गावाचे नाव लेणापूर असे आहे, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. त्या खांबावर खरडण्याचा हक्क त्यास कोणी दिला, हा प्रश्न व्युत्पत्तीच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता आपल्या ‘शोध’कडे वळू. इंग्रज झाकण काढतो; आपण काय करतो? ‘शुध्’ या धातूचा अर्थ स्वच्छ होणे. मोल्सवर्थच्या कोशात ‘शोधणे’ याखाली धुंडणे आणि शुद्ध करणे हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. वैद्य पाऱ्याचे शोधन करतात ते पारा हरवला म्हणून नव्हे. आणि ज्याच्या कृपेने हे पान वाचनीय होते तो मुद्रितशोधक मुद्रिते धुंडीत हिंडत नाही, त्यांतील मळ काढतो. धान्य पाखडता पाखडता खडा हाती यावा, तद्वत् असत्य वेचून टाकता टाकता जे उरते तो शोध, अशी आपल्या भाषेची समजूत असावी. जुन्या मराठीत ‘शुद्धि’ म्हणजे ठावठिकाणाही होतो. मारुती लंकेस गेला तो सीताशुद्धीसाठी. आणि मूर्च्छा आलेला मनुष्य ‘शुद्धीवर’ येतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला, त्या कार्यात हे सारे अर्थ एकवटले आहेत: पोथ्या धुंडल्या, मळ काढला, ग्रंथ पुन्हा शुद्धीवर आला. ‘संशोधन’ या शब्दाचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. उत्तर हिंदुस्थानात संशोधन म्हणजे कायद्याची दुरुस्ती. तेथे धुण्याचा अर्थ टिकला, आपल्याकडे धुंडण्याचा. ‘गवसणे’ हा तर आणखी घरगुती शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘गवेषण’, म्हणजे गाय धुंडणे, आहे. संध्याकाळी गोठ्यातली एक दावण रिकामी दिसावी आणि धन्याने हाका मारीत रानात शिरावे, एवढे चित्र त्या चार अक्षरांत मावले आहे.

पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेला ग्रंथ मराठीत ‘भारताचा शोध’ म्हणून ओळखला जातो. मूळ नावात पडदा उचलला आहे, मराठी नावात पाखडणी आहे. ग्रंथकाराच्या मनात यांपैकी काय होते याचा निर्णय ज्याने त्याने ग्रंथ वाचून करावा.

असो. मरोळच्या जागेची हकीकत आता सांगितली पाहिजे.

आमच्या आजोबांच्या हयातीत मरोळास एक लहानशी जागा घेतली गेली. त्या वेळी त्या बाजूस भातशेते होती, ताडाची झाडे होती, वाड्यांच्या तोंडाशी चुना दिलेले क्रूस होते, आणि अंधेरीपलीकडे कोणी राहावयास जाईल ही कल्पना नातेवाइकांस थट्टेची वाटे. जागा आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावावर होती. आजोबा वारले, पुढे कारखाने आले, रस्ते आले, आणि ज्या जागेत पावसाळ्यात बेडूक ओरडत त्या जागेस गिऱ्हाइके येऊ लागली. तेव्हा आमच्या काकांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की जागा एकत्र कुटुंबाच्या पैशाने घेतली, सबब निम्मी आमची. अण्णांच्या कैफियतीत असे होते, की ती आमच्या पगाराच्या शिलकीतून घेतली. दोन्ही बाजूंस शब्दांखेरीज फारसे काही नव्हते. खरेदीखत अण्णांच्या नावाचे, त्यामुळे पारडे आमच्याकडे झुकले होते. दोन्ही घरांचे येणेजाणे बंद झाले. काकू आईस बाजारात भेटत आणि दोघी भाजीच्या ढिगाकडे पाहत उभ्या राहत.

अशा स्थितीत काकांच्या वकिलांनी एक अर्ज दिला, आणि न्यायालयाने त्यावर हुकूम केला. हुकूम ‘डिस्कव्हरी’चा होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील अकराव्या आदेशात ही तरतूद आहे; दाव्याच्या वादाशी संबंध असलेले जे जे कागद आपल्या ताब्यात किंवा अधिकारात आहेत अथवा होते, त्यांची यादी पक्षकाराने शपथेवर द्यावयाची. मराठीत यास प्रकटीकरण म्हणतात. हुकूम मोडला तर वादीचा दावा निघू शकतो, प्रतिवादीची कैफियत खोडली जाऊ शकते. परंतु जो कागद आहे हे कोणासच ठाऊक नाही, तो यादीत न आल्यास कळणार कोणास?

त्या रात्री अण्णांनी आम्हांस बोलाविले. आम्ही त्या वेळी इंग्रजी घेऊन बी. ए.च्या वर्गात होतो. ते म्हणाले, “अरे, तू इंग्रजी शिकतोस. डिस्कव्हरी म्हणजे शोधच ना?”

आम्ही म्हटले, “होय, अण्णा.”

“मग शोध त्यांनी लावावा. ज्याला हवे त्याने शोधावे. आपण काय म्हणून?”

आम्ही कोश काढला. तरुणपणी विद्येचा दिमाख असतोच. त्या भरात आम्ही त्यांस वर सांगितलेली सारी वंशावळ ऐकविली. शब्दाचा जुना अर्थ शोधणे नसून उघड करणे हा आहे, नव्या लोकांनी तो बदलला तरी न्यायालयांनी जुनाच जपून ठेवला आहे, खबऱ्याचा अर्थही त्यात होता, इत्यादी. आम्हांस तो केवळ भाषेचा विषय वाटत होता. अण्णा ऐकून घेत होते. आमचे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचे?”

आम्ही म्हटले, “असे दिसते खरे.”

ते काही वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “माळ्यावरची ट्रंक खाली घे.”

ट्रंकेत आजोबांच्या खर्चाच्या वह्या होत्या. त्या मोडीत होत्या, आणि मोडी शाळांतून गेल्यानंतर शिकलेली आमची पिढी. लहानपणी आम्ही त्याच वह्यांच्या कोऱ्या पानांची होडकी केली होती. त्या घरात कोणापासून लपविलेल्या नव्हत्या; दिवाळीच्या साफसफाईत दरसाल बाहेर निघत, उन्हे खात आणि परत आत जात. अण्णांनी त्यांतून एक उचलली. इतर वह्या त्यांनी चाळल्या नाहीत. उचललेली वहीही चाळली नाही. ती उघडली ती नेमक्या पानावर. ते पाहून आमच्या अंगावर काटा आला.

पानावर बोट ठेवून त्यांनी आम्हांस सावकाश वाचून दाखविले. आजीच्या पाटल्या मोडल्या होत्या. आलेली रक्कम मरोळच्या जागेपोटी दिली होती. उरलेली भर चिरंजीवांच्या पगारातून घातली होती. म्हणजे अण्णांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते आणि काकांचे अगदीच खरे नव्हते. परंतु आकड्यांकडे पाहता पाटल्यांचा आकडा मोठा होता.

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “इतकी वर्षे कोणी विचारले नाही.”

अण्णा म्हणाले, “आता विचारले आहे.”

दुसऱ्या दिवशी आमच्या वकिलांचे तोंड पाहण्यासारखे झाले. त्यांनी अण्णांस अशिलाने काय बोलू नये हे हर प्रकारे समजावून सांगितले. मोडीतील खासगी टिपण, त्याचा वादाशी संबंध आहे की नाही हाच मुळी प्रश्न, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि कायद्याच्या दृष्टीने तो किती टिकाऊ होता हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. अण्णांनी वही यादीत घातली. तिचे वर्णन ‘वडिलांच्या खर्चाची वही, मोडी’ असे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. पुढे दाव्याची तडजोड झाली, जागेचे दोन भाग झाले आणि मधोमध एक भिंत आली. आईने काकूंशी बोलणे सुरू केले ते पुष्कळ दिवसांनी. अण्णांनी आईच्या मनाप्रमाणे केले नाही ही गोष्ट ती विसरली नाही, आणि आम्हीही तिला कधी दोष दिला नाही. त्या जागेच्या भरवशावर आमच्या बहिणीच्या लग्नाचे बेत झालेले होते, ते सारे बदलावे लागले.

या हकीकतीचे शेपूट आम्हांस फार उशिरा कळले. अण्णा थकले होते. काका त्यांस भेटावयास मरोळास आले होते. भिंतीच्या अलीकडे ओटीवर दोघे चहा घेत बसले असता काका एकाएकी म्हणाले, “दादा, तुमच्यापाशी ती वही आहे हे मला मुळी ठाऊकच नव्हते. वकील म्हणाले, असा अर्ज देण्याची रीत आहे; म्हणून दिला.”

अण्णा म्हणाले, “मला ठाऊक होते.”

काकांनी बशी खाली ठेवली. दोघांपैकी कोणीच पुढे बोलले नाही. रस्त्यावरून कारखान्याची मोटार गेली, तिच्या आवाजात ती वेळ निघून गेली.

ती वही आमच्यापाशी आहे. पुढे आम्ही मोडी शिकलो, ती एका पानापुरती. बाकीच्या पानांवर तेल, मीठ, दाढीचे पैसे, कोणा भिक्षुकाची दक्षिणा, असेच आहे. परवा नातीने ती वही हाती घेऊन ही कोणती भाषा म्हणून विचारले, तेव्हा आम्ही तिला सारी गोष्ट सांगितली आणि इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थही समजावून दिला. तिने लक्षपूर्वक ऐकले. मग आपली शब्दार्थांची वही काढून ती म्हणाली, “आजोबा, मग ‘डिस्कव्हर’पुढे काय लिहू? उघड करणे, की शोध लावणे?”

आम्ही विचार करीत आहोत असे पाहून तिने ‘शोध लावणे’ लिहिले. परीक्षा सोमवारी होती.